मामाच्या फोनची ‘रेंज’ गेली, त्याचं संपूर्ण प्रकरण

मामा गुहागरच्या अलीकडे राहतो, आंबा-काजूची थोडी बाग आणि घराला लागून तीन खोल्या पर्यटकांना देतो. त्याचा सगळा धंदा एका नंबरवर चालतो, २००८ पासून तोच नंबर, पाटीवर रंगवलेला, पेटीवर छापलेला. जूनपासून तो नंबर लागेना. म्हणजे कधी लागायचा, कधी नाही. गणपतीच्या आधी दोन बुकिंग गेली, कारण लोकांनी फोन केला तर बाई सांगत होती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत, आणि मामा तर पडवीत फोन समोर ठेवून सुपारी कातरत बसलेला.

मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचलो तोवर घरच्यांनी सगळे उपाय करून झाले होते. रिस्टार्ट, फ्लाइट मोड, नेटवर्क सेटिंग रिसेट (त्यात वायफायचे पासवर्ड उडाले ते वेगळंच). मग बाजारातल्या मोबाईलवाल्याने अख्खा फोन फॉरमॅट मारून दिला, त्यात व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा गेल्या, दोष तसाच राहिला, आणि शेवटी त्याने सांगितलं मदरबोर्ड गेला, अठ्ठावीसशे होतील, नाहीतर नवा घ्या. चुलतभावाचं म्हणणं वेगळं, कंपनीच बेकार, पोर्ट कर. मामीचं म्हणणं, पावसाळ्यात असंच असतं.

मी मामाला पहिला प्रश्न विचारला तो हा, की रेंज जाते तेव्हा स्क्रीनवर नक्की काय लिहिलेलं असतं? मामा म्हणाला, अरे रेंज जाते म्हणजे रेंज जाते, लिहिलेलं कोण वाचतो.

आणि तिथेच सगळी गोची होती. आपण सगळ्याला ‘रेंज नाही’ म्हणतो पण फोन स्वतः वेगवेगळं सांगत असतो. ‘नो सिम’ लिहून आलं तर फोनला चिपच वाचता येत नाहीये, त्याचा टॉवरशी काही संबंध नाही, तुम्ही टॉवरच्या खाली जाऊन उभे राहिलात तरी तेच येणार. ‘नो सर्विस’ किंवा ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ आलं तर बहुतेक वेळा चिप वाचली गेलीये पण नेटवर्कने आत घेतलेलं नाही, मग ते सिम बंद असेल, तिथे त्या कंपनीचा सिग्नल नसेल, किंवा फोनचं रेडिओचं काहीतरी असेल. आणि कांड्या दिसतात, सगळं हिरवंगार दिसतं आणि तरी फोन लागत नाही, हा तिसरा प्रकार, त्यात गडबड सेटिंगमध्ये किंवा भिंतीत असते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि फॉरमॅट मारणं हा यातल्या बहुतेकांवर उपाय नाहीच.

मामाला सांगितलं की आता जाईल तेव्हा मला हाक मार. रिचार्ज तेवढ्यात बघून घेतला, चालू होता, ते आधी बघावं कारण व्हॅलिडिटी संपलेली असते आणि लोक सिम घासत बसतात. *#०६# दाबलं, दोन आयएमईआय, म्हणजे फोनचे स्वतःचे ओळख क्रमांक, व्यवस्थित आले. ते कोरे किंवा शून्य आले असते तर मीही मदरबोर्डवाल्याचं ऐकलं असतं.

अर्ध्या तासात हाक आली. स्क्रीनवर ‘नो सिम’. मी फोन हातात घेतला तर पाच सेकंदात परत आलं. परत खाली ठेवला, काही नाही. टेबलावर जरा आपटल्यासारखा ठेवला, परत गेलं.

मग ट्रे काढला. हायब्रिड ट्रे आहे, म्हणजे एक खण सिमचा आणि दुसरा खण एकतर सिमचा नाहीतर मेमरी कार्डचा. मामाचं सिम पहिल्या खणात, दुसऱ्यात मेमरी कार्ड. ट्रे बाहेर येताना घासत आला, असा घासत यायला नको. सिम काढलं तर खाली कागदाची बारीक घडी, कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाची, तिथीचा ‘मी’ अर्धा दिसत होता. मामाला विचारलं तर म्हणाला ती त्या मोबाईलवाल्याने लावली, सैल होतंय म्हणाला, आणि दोन आठवडे चाललं की बरोबर!

आता सिम हातात घेऊन बघितलं तर कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला प्लॅस्टिकचा काटा आलेला. इतिहास असा की हे सिम २०१६ च्या सुमारास ४जीसाठी बदलून घेतलेलं, तेव्हा मामाच्या फोनला मायक्रो सिम लागायचं. पुढे हा फोन घेतला, त्याला नॅनो लागतं, तर दुकानात कटरने कापून दिलं. आपल्याला वाटतं मोठ्याचं छोटं केलं, झालं. पण मायक्रो आणि नॅनोत फक्त लांबी-रुंदीचा फरक नाही. मायक्रो सिम १५ बाय १२ मिलीमीटर आणि जाडी ०.७६, नॅनो १२.३ बाय ८.८ आणि जाडी ०.६७. कटर लांबी-रुंदी कापतो, जाडी कशी कापणार? ०.०९ मिलीमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही, पण त्या खणात वरून ज्या बारीक स्प्रिंगच्या पट्ट्या सिमला टेकतात त्यांच्यासाठी तेवढं पुष्कळ. वर्षानुवर्षं त्या जास्त दाबल्या गेल्या, हळूहळू बसल्या, मग संपर्क सैल झाला, मग त्यावर कागद कोंबला, म्हणजे अजून दाब. कागदाने दोन आठवडे चाललं ते यामुळेच, आणि नंतर जास्त बिघडलं तेही यामुळेच.

मामाचं पेपर वाचायचं भिंग घेतलं, माझ्या फोनचा टॉर्च लावला आणि खणात डोकावलो. सोनेरी पट्ट्या दिसतात, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, सगळ्यांची टोकं किंचित वर आलेली असतात. इथे कडेची एक साफ आडवी झोपलेली होती, आणि तिच्या शेजारचीही अर्धवट. यातल्या एकीवरून करंट जातो, एकीवरून ताल धरणारा क्लॉकचा सिग्नल, एकीवरून डेटा, एक अर्थिंग, एक रिसेट. एक जरी सुटली की फोनच्या लेखी सिम नाहीच. अर्धं सिम असा प्रकार नसतो.

सिमच्या सोनेरी भागावर काळपट हिरवी रेघही होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारी हवा, पावसाळाभर दमट, त्यामुळे होतं ते. खोडरबरने अगदी हलक्या हाताने पुसलं, कोरड्या कपड्याने साफ केलं, घातलं, आणि चक्क संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललं. मामीने मला दोन मोदक जास्त वाढले. रात्री आरतीच्या मध्यात परत ‘नो सिम’.

खरं तर हे मी आधी करायला हवं होतं, पण मोदकांच्या नादात राहून गेलं. अदलाबदल. सिम वाईट की फोन वाईट हे ओळखायला दुसरं काही मशीन लागत नाही, दुसरा चांगला फोन आणि दुसरं चांगलं सिम लागतं, आणि धीर लागतो कारण पाच मिनिटं बघून काही कळत नाही. मामाचं सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, जरा घट्ट गेलं, पण रात्रभर एकदाही गेलं नाही. माझं सिम मामाच्या पहिल्या खणात टाकलं तर ताबडतोब ‘नो सिम’, आणि मागून कॅमेऱ्याच्या खाली अंगठ्याने दाबलं की यायचं, सोडलं की जायचं. सकाळी मेमरी कार्ड काढून माझं सिम दुसऱ्या खणात टाकलं, दिवसभर, पाहुण्यांच्या गर्दीत, विसर्जनापर्यंत (दीड दिवसांचा गणपती आहे) एकदाही काही नाही.

म्हणजे सिम जिवंत, मोडेम जिवंत, अँटेना जिवंत, मदरबोर्ड तर ठणठणीत. मेला होता तो फक्त पहिला खण. अठ्ठावीसशे रुपयांचं निदान इथे संपलं. पोर्टचंही संपलं, कारण दुसऱ्या कंपनीचं सिम आणून त्याच खणात घातलं असतं तर तेही पडलं असतं, आणि मग चुलतभावाने तिसरी कंपनी सुचवली असती.

मग साधा उपाय, सिम दुसऱ्या खणात टाका. पण हे जाड कापलेलं सिम मी दुसऱ्या खणात घालायला तयार नव्हतो, नाहीतर दोन वर्षांनी तोही खण बसणार. मामा म्हणे कानसने घासू का जरा. मामा, नको. नवं सिम घे, नंबर तोच राहतो. आणि मेमरी कार्डला आता जागा नाही, तर त्यातले फोटो आधी लॅपटॉपवर घेतले, बागेचे, पाहुण्यांचे, तीन वर्षांपूर्वीच्या वादळात पडलेल्या माडाचे पन्नास.

चिपळूणला कंपनीच्या दुकानात गेलो. मामाने रुबाबात आधार पुढे केलं. मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, काका, हा नंबर तुमच्या नावावर नाही. मामा तिला समजावतोय की बाई, सतरा वर्षं मी हा नंबर वापरतोय. ती म्हणाली वापरत असाल, पण नाव बाईंचं आहे. घरी फोन केल्यावर मामीला आठवलं, २००८ मध्ये सिम घ्यायला गेले तेव्हा मामाच्या कागदांवर पत्ता चुकीचा होता म्हणून तिचे कागद दिलेले. परत एसटी, दुसऱ्या दिवशी मामीला घेऊन परत चिपळूण. तुमच्या घरात जुने नंबर असतील तर ते कोणाच्या नावावर आहेत हे एकदा बघून ठेवा, आजोबांच्या नावावरचा नंबर असतो आणि आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली असतात, मग त्या दुकानात उभं राहून कळतं. दूरसंचार खात्याचं संचार साथी नावाचं पोर्टल आहे, २०२३ पासून, तिथे ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं.

मामीचा अंगठा मशीन घेईना. उन्हाळाभर काजूगर काढते, टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघतात, रेषा राहतात कुठे. अंगठा, तर्जनी, दुसऱ्या हाताचा अंगठा, मुलगी ओल्या कपड्याने बोटं पुसायला देतेय, मामी म्हणते आमच्या बोटांचं असंच. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर काम झालं. तेवढ्यात जुन्या सिमवर, जे माझ्या फोनमध्ये होतं, मेसेज आला की तुमचं सिम बदलण्याची विनंती आलीये. हा मेसेज उगाच नसतो. कोणी परस्पर तुमच्या नंबरचं सिम काढून बँक साफ करू नये म्हणून असतो. असा मेसेज तुम्ही काही केलेलं नसताना आला तर पुढचा फोन कंपनीला आणि त्याच्या पुढचा बँकेला.

दोनेक तासांत जुनं सिम गेलं, नवं लागलं. दुसऱ्या खणात घातलं, कांड्या आल्या, नेट चालू, मी मामाला फोन केला, वाजला. सगळे खूश. मामाने लगेच पैसे पाठवायचं ॲप उघडलं, ते म्हणे सिम बदललंय, परत नोंदणी करा, मेसेज पाठवतोय, आणि मेसेज जाईना. बँकेचा ओटीपी मागवला, येईना. दहा वेळा मागवला. मामा म्हणाला हे पण सिम बेकार निघालं, बघ, मी म्हणत होतो. गाडीतच अर्धं भांडण झालं.

ही अडचण नव्हती, हा नियम आहे. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस दोन्ही बाजूंनी बंद ठेवतात, येणारेही आणि जाणारेही. कॉल चालू, नेट चालू, फक्त एसएमएस नाही, म्हणजे चोराने सिम काढलं तरी त्याला दिवसभर ओटीपी मिळू नये आणि खऱ्या मालकाला आपला फोन मेलाय हे कळायला वेळ मिळावा. दुकानातल्या मुलीने सांगितलं होतं म्हणे, पण मामा तेव्हा मामीच्या बोटांवर लक्ष ठेवून होता. तर सिम बदलायचं असेल तर ज्या दिवशी कोणाला पैसे द्यायचेत, तिकीट काढायचंय, गॅसचा ओटीपी हवाय, त्या दिवशी बदलू नका. आणि चोवीस तासांच्या आत दहा दहा वेळा ओटीपी मागवून बँकेचं ॲप लॉक करून घेऊ नका, मामाने घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम सुरू झालं. पोर्टचंही तसंच आहे, जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्ट होत नाही, कारण तेच.

इथे मी मुंबईची बॅग भरायला घेतली होती. तर मामीच्या बहिणीचा माझ्या फोनवर फोन, अरे मामाचा नंबर लागत नाही, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फोन माजघरात चार्जिंगला, स्क्रीनवर एक कांडी, ‘नो सिम’ वगैरे काही नाही.

आता मला कळलं की लोकांना सुरुवातीपासून जे ऐकू येत होतं त्याची कारणं दोन होती आणि दोन्ही सारखीच ऐकू येतात. आपण फोन नीट बंद करतो तेव्हा तो जाता जाता नेटवर्कला सांगून जातो, मी चाललो, म्हणून समोरच्याला बहुतेक वेळा ‘बंद आहे’ ऐकू येतं. पण खणातली पट्टी सुटली किंवा सिग्नल तुटला तर सांगायला वेळच मिळत नाही, नेटवर्क शोधत राहतं, आणि बाई म्हणते संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पहिलं कारण आपण काढलं म्हणून दुसरं दिसायला लागलं.

फोनमध्ये अबाउट फोनच्या आत सिम स्टेटस म्हणून असतं, तिथे सिग्नल आकड्यात दिसतो. कांड्यांवर विश्वास ठेवू नका, कांडी कुठे द्यायची हे फोन बनवणारा ठरवतो. आकडा डीबीएममध्ये, वजा चिन्हाचा, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मी फोन घेऊन घरभर फिरलो, मामी म्हणाली काय भूत शोधतोस काय. विहिरीजवळ -९६, पडवीत -१०९, माजघरात -११८. ऐकायला फार फरक वाटत नाही पण हे माप असं आहे की दर दहाला दहा पट, म्हणजे विहिरीवर जेवढा सिग्नल आहे त्याच्या दीडशेव्या भागाएवढा माजघरात पोचतो. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, दोन ओळी, वर पावसात भिजलेल्या. आणि फॉरमॅट मारल्यावर फोनने व्होएलटीई, म्हणजे ४जीवरूनच साधा कॉल करायची सोय, बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे कॉल आला की फोन ४जी सोडून २जी शोधायला जायचा, तेही कमजोर, तेवढ्यात कॉल सुटायचा. (जिओ असेल तर व्होएलटीई बंद ठेवून चालतच नाही, त्यांचं २जी-३जी मुळात नाहीच.) दुसऱ्या खणासाठी व्होएलटीई वेगळं चालू करावं लागतं, ते केलं, पडवीत एकदम सुधारलं. माजघरात तरी अधूनमधून.

माजघराचा उपाय भिंतीतून येणार नव्हता, तो आधीच घरात होता. पाहुण्यांसाठी मामाने फायबरचं कनेक्शन घेतलंय. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग म्हणून एक बटण असतं, ते चालू केलं की साधा कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो, नंबर तोच, समोरच्याला काही कळत नाही, वेगळं ॲप नाही. आपल्याकडे हे २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला आलं आणि अजून अर्ध्या लोकांना माहीत नाही, मला वाटतं डोंगरातल्या आणि जाड भिंतींच्या घरांसाठी यासारखी दुसरी सोय नाही. बटण दाबलं, वर कंपनीच्या नावापुढे वायफायची खूण आली, मी विहिरीवर जाऊन फोन लावला, मामाने माजघरातून उचलला. म्हणाला, एवढ्या लांबून कशाला, आत ये, चहा झालाय.

फायबरचा डबा आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकून घेतला, कारण लाईट गेली की राउटर जाणार आणि तेव्हाच फोन लागत नाही म्हणून परत सगळं पहिल्यापासून सुरू होणार.

पहिला खण दुरुस्त करायचं चिपळूणला विचारलं, तो बोर्डावर झाळलेला असतो, काढून नवा लावायचे सातशे म्हणाला. मामा म्हणाला नको, एक सिम आहे, एक खण आहे. ठीक आहे. पहिला खण रिकामाच आहे.

दिवाळीपर्यंत ‘नो सिम’ एकदाही आलेलं नाही. एक गोष्ट मात्र तशीच आहे, लाईट पाच-सहा तास गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि सगळ्या गावाची रेंज जाते, तेव्हा स्क्रीनवर ‘नो सर्विस’ येतं. परवा तसं झालं तेव्हा मामाने लँडलाईनसारख्या आवाजात वायफायवरून मला फोन केला आणि पहिलं वाक्य हेच, अरे, नो सर्विस लिहिलंय, नो सिम नाही, म्हणजे टॉवर गेलाय ना? मागून मामी ओरडली, माझ्या नंबरवरून बोलतोय म्हणावं, रिचार्ज संपत आलाय तेही सांग.